कसरीने खाल्लेला कान

मुहर्रकच्या बाजारात, हलव्याच्या दुकानांमागच्या गल्लीत
मी काच कापत होतो. दुपारचे तीन.
सालमीन आला. काखेत वर्तमानपत्राची घडी,
घडीत पिवळा कागद, कागदावर कुत्रं.

"चौकट कर. साधी, काळी.
खाली पितळी पट्टीवर नाव घाल."
कुणाचं, मी विचारलं.
"जातीचं. तुला डोळे आहेत ना?"

शिसपेन्सिलीचं काम. जहाजावरचा कुणी कारकून असावा,
किनाऱ्यावर अडकलेला, वारं पडलेलं.
सही ओलीने पसरलेली,
पहिलं अक्षर म्हणजे नुसती दोन टेकाडं.
पण हात पक्का.
फासळ्या मोजून घ्याव्यात अशा,
पोट पाठीला टेकलेलं,
शेपूट खाली उतरून टोकाला विळा झालेली.
नाक कामावर नव्हतं त्या कुत्र्याचं.
ते बघत होतं,
डावीकडे, कागद संपतो त्याच्याही पुढे.

"कारवानी," माझ्या तोंडून गेलंच.
"कारवानी कोण?"

आता हिंदी-अरबीच्या खिचडीत कसा सांगू
जत तालुका, उमदीकडचा माळ,
बिरूमामा आणि त्याची हरणी?
जोंधळ्याच्या धसकटांतून ससा उठला
की आधी हरणी नाहीशी व्हायची,
मग धूळ दिसायची,
आणि मामाची विडी पेटेपर्यंत
ती परत पायाशी, जिभेला फेस,
जणू कुठे गेलीच नव्हती.

"सलूकी आहे ही," सालमीन म्हणाला.
"बापाची होती. हिवाळ्यात सखीरला डेरा पडायचा.
बाकीची कुत्री बाहेर, ही आत,
आम्हा भावंडांच्या पांघरुणात.
कान बघ. सलूकीच्या कानाला झालर असते."

कारवानीच्या नसते, मी म्हणालो.
(पश्मीच्या असते. ते बोललो नाही.
भांडणात सगळंच कशाला सांगा.)

दिवा ओढून दोघं वाकलो.
नेमका तिथेच कसरीने कागद खाल्लेला.
कानाच्या जागी चिंचोक्याएवढं भोक
आणि भोकातून माझ्या टेबलाचं लाकूड.
शेपटीजवळ पेन्सिल फिकट होत गेलेली,
केस म्हणा, नाही तर कारकुनाची घाई म्हणा.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

मग सालमीनने उजव्या हाताची चार बोटं जुळवली
आणि कुत्र्याच्या कमरेवर, दोन हाडांच्या मध्ये,
अलगद धरली. कागदाला न लावता.
"इथे चार बोटं मावली पाहिजेत," तो पुटपुटला,
"तरच पळेल."

मी कात्री खाली ठेवली.
गुडघ्यावर बसलेला मामा,
चुन्याने पांढरी झालेली त्याची बोटं,
हरणीच्या कमरेवर तशीच, चारच.
पिल्लू विकत घ्यायला आलेल्या माणसाला तो म्हणायचा,
तोंड काय बघतोस, इथं हात लाव.

हे मात्र मी सालमीनला सांगितलं.
हाताने दाखवलं.
त्याने माझी बोटं बघितली, मग स्वतःची,
आणि कबूल केलं, जरा उशिरानेच,
की झालर नसलेल्या सलूकीही असतात.
मीही पश्मीचं सांगून टाकलं.
म्हणजे निकाल लागला नाही तो नाहीच.

पट्टीवर तो म्हणाला तेच कोरलं, अरबीत.
गिऱ्हाईक त्याचं, भिंत त्याची.
पण मागचा तपकिरी कागद चिकटवायच्या आधी
पुठ्ठ्यावर पेन्सिलीने
बारीक अक्षरात लिहिलं: हरणी, उमदी.

तो दारातच उभा होता, मला वाटलं गेला.
"काय लिहिलंस?"
भाव, मी म्हणालो. साडेचार दिनार.

त्याने ती दोन नागरी नावं
उजवीकडून डावीकडे नीट बघितली.
"जास्त आहे," तो म्हणाला,
आणि पाच दिले.